ग्रंथ आहे, नोंद नाही

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रवर्तक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९६२ साली बंगळुरू येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाखाली प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली. पुढे १९७२ साली याच शहरात त्यांचे निधन झाले. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि ग्रंथांची मांडणी व सूची हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचा विषय बनला. ग्रंथालयाचे मोठेपण त्यातील पुस्तकांच्या संख्येवर अवलंबून नसून, हवे ते पुस्तक हव्या त्या वाचकाला किती तत्परतेने मिळते यावर अवलंबून असते, ही त्यांची भूमिका होती. जे पुस्तक फळीवर आहे परंतु सूचीत नाही, ते वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच होय.

रंगनाथन यांच्या पश्चात बंगळुरू हे संगणकाचे शहर म्हणून जगाला ठाऊक झाले. २००१ साली येथे ‘लिनक्स बंगलोर’ या नावाची परिषद भरू लागली. २००५ पासून ती ‘फॉस डॉट इन’ या नावाने भरत असे आणि २०१२ साली तिचे अखेरचे अधिवेशन झाले. तिचे प्रमुख संघटक अतुल चिटणीस हे २०१३ मध्ये निवर्तले. ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६ साली लिनक्सच्या तबकड्या आपल्या वाचकांना दिल्या, त्या उपक्रमातही त्यांचा पुढाकार होता. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. एखादी फाइल कमी पडली तर ती दूरध्वनीच्या तारेवरून मिळवणे हे वेळखाऊ आणि खर्चाचे काम होते. अशा वेळी कोणती वस्तू खरोखरच नाही आणि कोणती असूनही सापडत नाही, हा भेद ओळखणे फार महत्त्वाचे ठरे.

हा भेद आजही तितकाच महत्त्वाचा आहे. लिनक्सवर एखादी नवी आज्ञावली बसवावी, बसवण्याचे काम कोणतीही तक्रार न येता पूर्ण व्हावे, आणि ती सुरू करताच मात्र ‘अमुक सामायिक फाइल उघडता आली नाही, अशी फाइल वा निर्देशिका नाही’ या अर्थाचा इंग्रजी संदेश पडद्यावर यावा, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा येतो. नवखा मनुष्य गोंधळून जातो, कारण ती फाइल त्याने काही क्षणांपूर्वी स्वतःच बसवलेली असते. संगणक खोटे बोलत नसतो, पण त्याच्या बोलण्याचा अर्थ नीट लावावा लागतो. ‘फाइल नाही’ असे तो म्हणतो तेव्हा त्याला म्हणावयाचे असते, ‘मला जेथे शोधण्याची अनुज्ञा आहे, तेथे ती नाही.’

सामायिक संग्रहाची आवश्यकता

संगणकाच्या परिभाषेत ‘लायब्ररी’ हा शब्द ग्रंथालयावरूनच आला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९४९ साली कार्यान्वित झालेल्या ‘एडसॅक’ या संगणकावर काम करताना मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या असे लक्षात आले की, वर्गमूळ काढणे, आकडे छापणे यांसारखी कामे प्रत्येक आज्ञावलीत पुनःपुन्हा लिहावी लागतात. म्हणून अशा कामांच्या आज्ञा छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार करून त्या फिती कपाटात क्रमाने ठेवण्यात आल्या. ज्याला जी फीत हवी ती त्याने कपाटातून काढावी आणि आपल्या आज्ञावलीत तिची नक्कल समाविष्ट करावी, अशी ती व्यवस्था होती.

नक्कल करण्याच्या या पद्धतीत एक उणीव होती. शंभर आज्ञावल्यांनी एकच संग्रह वापरला, तर त्याच्या शंभर नकला तयार होत. आज लिनक्सवरील जवळपास प्रत्येक आज्ञावलीला लागणारा ‘सी’ भाषेचा मूळ संग्रह सुमारे २ मेगाबाइटचा असतो. त्याच्या शंभर नकलांना २०० मेगाबाइट जागा लागेल. बंगळुरूमध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी व ‘एन्कोर’ या कंपनीच्या अभियंत्यांनी २००१ साली ‘सिंप्युटर’ या अल्पमोली हातसंगणकाचा नमुना सादर केला. तो लिनक्सवर चालत असे आणि त्याची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती. अशा यंत्रात प्रत्येक आज्ञावलीने आपापली नक्कल बाळगावी, ही कल्पनाही करवत नाही.

यावरील उपाय म्हणजे सामायिक संग्रह. येथे आज्ञावलीत संग्रहाची नक्कल नसते, त्याचे केवळ नाव असते. आज्ञावली सुरू होते त्या क्षणी तो संग्रह शोधून स्मृतीत आणला जातो आणि अनेक आज्ञावल्या त्याची एकच प्रत वापरतात.

जागेची बचत हा या व्यवस्थेचा एक लाभ झाला. त्याहून मोठा लाभ मराठी वाचकाला सहज पटण्यासारखा आहे. ‘कि’ हे अक्षर संगणकात साठवताना आधी ‘क’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवले जाते, परंतु पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा ‘र’ आणि ‘सूर्य’ या शब्दातील रफार यांची ठेवणही निराळी असते. ही अक्षरजुळणी करणारा ‘हार्फबझ’ नावाचा एक सामायिक संग्रह आहे. लेखनासाठीचे ‘लिब्रेऑफिस’ आणि पडद्यावरील खिडक्यांतून मजकूर दाखवणाऱ्या कितीतरी आज्ञावल्या त्याचा उपयोग करतात. देवनागरी न जाणणाऱ्या एखाद्या परदेशी लेखकाची आज्ञावलीही मराठी शुद्ध दाखवू शकते, ती अशा सामायिक संग्रहामुळे. त्यात एके ठिकाणी केलेली सुधारणा सर्वांच्या पदरी पडते. २०१४ च्या एप्रिल महिन्यात ‘ओपनएसएसएल’ या संग्रहातील ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. तेव्हा तो संग्रह सामायिकपणे वापरणाऱ्या आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागल्या नाहीत. संग्रह बदलला आणि त्या आज्ञावल्या पुन्हा सुरू केल्या की तो दोष दूर होई.

या सर्व सोयीचे मूल्य एकच आहे. जो संग्रह आज्ञावलीच्या पोटात नाही, तो प्रत्येक वेळी शोधावा लागतो.

शोध कसा घेतला जातो

हे शोधण्याचे काम करणाऱ्या घटकाला ‘डायनॅमिक लिंकर’ म्हणतात. आपण त्याला जोडणीकार म्हणू. आज्ञावली सुरू होण्यापूर्वी तो तिची संग्रहांची यादी वाचतो. या यादीतील नावात बहुधा एक आकडा असतो. विज्ञानविषयक गणनांसाठी असलेल्या ‘जीएसएल’ या संग्रहाचे उदाहरण घेतले तर त्याचे नाव ‘लिबजीएसएल.एसओ.२७’ असे असेल. यातील शेवटचा आकडा म्हणजे जणू ग्रंथाची आवृत्ती होय. जुन्या आज्ञावलीस अनुकूल न राहणारा बदल संग्रहात झाला की हा आकडा बदलावयाचा, असा संकेत आहे. त्यामुळे २५ मागणाऱ्या आज्ञावलीला २७ देऊन चालत नाही.

जोडणीकार संपूर्ण चकती धुंडाळत नाही, ठरावीक क्रमाने ठरावीक ठिकाणीच पाहतो. आज्ञावलीच्या कर्त्याने तिच्यातच एखादा पत्ता लिहून ठेवला असेल, तर तो विचारात घेतला जातो. वापरणाऱ्याने ‘एलडी लायब्ररी पाथ’ या नावाच्या चलामध्ये काही पत्ते दिले असतील, तर तेथे पाहिले जाते. त्यानंतर जोडणीकार आपल्या सूचीकडे वळतो. ही सूची ‘ईटीसी’ निर्देशिकेत ‘एलडी.एसओ.कॅश’ या नावाने साठवलेली असते. सूचीतही नाव आढळले नाही, तर ‘लिब’ आणि ‘यूएसआर’खालील ‘लिब’ अशा प्रमुख निर्देशिका पाहून तो शोध थांबवतो.

ही सूची आपोआप अद्ययावत होत नाही. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली म्हणजे ती नव्याने तयार होते. लिनक्सच्या वितरणाबरोबर येणाऱ्या संचयिकेतून आज्ञावली बसवली असता सूची ताजी करण्याचे काम परस्पर होते. परंतु मूळ संहिता आणून ती आपल्याच यंत्रावर संकलित केली, तर ते काम बसवणाऱ्यावर पडते. संशोधन संस्थांतून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून असे प्रसंग नित्याचे असतात.

दोषाचे निदान

वर उल्लेखिलेला जीएसएल हा संग्रह एखाद्या विद्यार्थ्याने मूळ संहितेवरून बसवला, असे समजू. वेगळी सूचना दिली नाही तर तो ‘यूएसआर’खालील ‘लोकल’खालील ‘लिब’ या निर्देशिकेत जाऊन बसतो. त्यावर आधारलेली आज्ञावली संकलित होते, पण सुरू होत नाही. अशा वेळी पुढील क्रमाने विचार करावा. येथे आज्ञांचे उच्चार दिले आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात.

प्रथम, काय सापडत नाही हे निश्चित करावे. ‘एलडीडी’ ही तीन अक्षरांची आज्ञा आणि तिच्यापुढे आज्ञावलीचा पूर्ण पत्ता लिहिला असता, आज्ञावलीला लागणाऱ्या सर्व संग्रहांची यादी मिळते. जे सापडले त्यांच्यापुढे पत्ता असतो, आणि जे सापडले नाहीत त्यांच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असा शेरा असतो. मूळ संदेशात बहुधा एकाच संग्रहाचे नाव येते, या यादीत मात्र सर्व उणिवा एकदम दिसतात. एक सावधगिरी बाळगावी. काही परिस्थितीत एलडीडीमुळे ती आज्ञावली प्रत्यक्ष चालू होण्याचा संभव असतो. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या आज्ञावलीवर तिचा प्रयोग करू नये. तिच्याऐवजी केवळ वाचन करणारी ‘रीडएल्फ’ ही आज्ञा उणे चिन्ह व ‘डी’ हे अक्षर जोडून वापरावी.

दुसरे, ती फाइल यंत्रावर कोठे तरी आहे काय, हे पाहावे. ‘फाइंड’ या आज्ञेने सर्व निर्देशिका धुंडाळता येतात. येथे दोन वाटा फुटतात.

फाइल कोठेच नसेल, तर ग्रंथ खरोखरच खरेदी केलेला नाही. मग ती फाइल कोणत्या संचात येते हे वितरणाच्या संचयिकेलाच विचारावे. फेडोरा व तिच्या कुळातील वितरणांत ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ आणि डेबियन, उबुंटू यांसारख्या वितरणांत ‘एपीटी-फाइल सर्च’ या आज्ञा त्यासाठी आहेत. नाव कळले की तो संच रीतसर बसवावा.

फाइल असेल आणि जोडणीकाराला ती दिसत नसेल, तर ग्रंथ आहे, नोंद नाही. अशा वेळी ती निर्देशिका जोडणीकाराला ठाऊक आहे काय, हे तपासावे लागते. डेबियन व उबुंटू यांत ‘लोकल’खालील ‘लिब’चा पत्ता आधीच नोंदलेला असतो. तेथे प्रशासकाच्या अधिकाराने एकदा एलडीकॉन्फिग चालवले की काम भागते. फेडोरा व रेड हॅट यांच्या कुळात हा पत्ता सहसा नोंदलेला नसतो. तेथे ‘ईटीसी’मधील ‘एलडी.एसओ.कॉन्फ.डी’ या निर्देशिकेत ‘कॉन्फ’ अशा शेपटाची एक छोटी फाइल तयार करावी, तिच्यात त्या निर्देशिकेचा पत्ता एका ओळीत लिहावा आणि नंतर एलडीकॉन्फिग चालवावे. नोंद झाली की नाही हे पाहण्यासाठी त्याच आज्ञेला उणे चिन्ह व ‘पी’ हे अक्षर जोडावे, म्हणजे संपूर्ण सूची पडद्यावर येते.

तिसरे, नोंद असूनही आज्ञावली अडत असेल, तर ग्रंथाची जात तपासावी. ३२ बिटांच्या आज्ञावलीला ६४ बिटांचा संग्रह उपयोगी पडत नाही. काही वितरणांत या दोहोंसाठी ‘लिब’ आणि ‘लिब६४’ अशा वेगळ्या निर्देशिका असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तसेच अत्यंत नव्या यंत्रावर संकलित केलेली आज्ञावली जुन्या यंत्रावर नेली, तर ‘सी’ भाषेच्या मूळ संग्रहाची अमुक आवृत्ती मिळत नाही, अशी तक्रार येते. तेथे नोंदीचा दोष नसतो. ती आज्ञावली जुन्या यंत्रावरच पुन्हा संकलित करणे हा त्यावरचा सरळ मार्ग होय.

टाळावयाचे उपाय

या दोषावर काही झटपट उपाय सांगितले जातात. त्यांनी संदेश नाहीसा होतो, पण व्याधी खोल जाते.

पहिला उपाय म्हणजे आवृत्तीची तोतयेगिरी. आज्ञावली २५ क्रमांकाचा संग्रह मागते आणि जवळ २७ आहे, म्हणून २७ कडे नेणारा एक दुवा तयार करून त्याला २५ चे नाव द्यावयाचे. हे जुन्या आवृत्तीचे वेष्टन नव्या पुस्तकावर चढवण्यासारखे आहे. वाचकाला पुस्तक मिळते, पण त्याने टिपून घेतलेल्या पानावर दुसराच मजकूर असतो. आज्ञावली मध्येच कोसळली तर एक वेळ बरे, कारण दोष निदान दिसतो तरी. ती चुकीची उत्तरे मुकाट्याने देत राहिली तर हानी अधिक होते. प्रयोगशाळेतील गणनांच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे ‘एलडी लायब्ररी पाथ’ या चलात पत्ता घालून तो कायमचा तसाच ठेवणे. एखादी गोष्ट तपासून पाहण्यासाठी हे चल उत्तम आहे. परंतु ते सूचीच्याही आधी पाहिले जात असल्यामुळे, त्याचा परिणाम त्या सत्रातील बहुतेक सर्व आज्ञावल्यांवर होतो. एकीसाठी सांगितलेली वाट दुसरीला भलत्याच संग्रहाकडे नेते. विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत जोडणीकार या चलाकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो. तसे नसते तर कोणीही आपल्या निर्देशिकेत बनावट संग्रह ठेवून त्या आज्ञावलीच्या हातून प्रशासकाचे अधिकार मिळवू शकला असता.

तिसरा उपाय सर्वांत घातक आहे. तो म्हणजे इंटरनेटवर कोठे तरी आढळलेली त्याच नावाची फाइल आणून प्रमुख निर्देशिकेत ठेवणे, किंवा तेथील मूळ फाइल हलवणे. ‘सी’ भाषेचा मूळ संग्रह चुकून हलवला गेला, तर फाइल परत ठेवण्यासाठी लागणारी साधी आज्ञादेखील चालत नाही, कारण तिलाही तोच संग्रह हवा असतो. अशा प्रसंगासाठी काही वितरणांत ‘एसएलएन’ नावाची एक लहानशी आज्ञावली असते. तिच्या पोटात संग्रहाची नक्कल असल्यामुळे ती कोणावाचून अडत नाही आणि तुटलेला दुवा पुन्हा जोडू शकते. केंब्रिजची जुनी नकलेची पद्धत अशी आणीबाणीत उपयोगी पडते.

शिस्तीचे प्रयोजन

येथे असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे की, जोडणीकाराने थोडी उदारता दाखवून सर्व निर्देशिका पाहिल्या असत्या तर काय बिघडले असते? प्रत्येक आज्ञावली सुरू होण्यास विलंब लागला असता, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर विश्वासासंबंधी आहे. सामायिक संग्रह आज्ञावलीत शिरला की त्याला तिचे सर्व अधिकार प्राप्त होतात. वाटेत सापडेल तो संग्रह स्वीकारणारे यंत्र कोणाच्याही स्वाधीन होऊ शकते. सूचीत भर घालण्याचा अधिकार प्रशासकाकडेच राखून ठेवला आहे, तो यासाठीच.

अर्थात, सूची ग्रंथाच्या स्थानाची ग्वाही देते, त्यातील मजकुराची नव्हे. २०२४ च्या मार्च महिन्यात याचे प्रत्यंतर आले. फाइली संकुचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या संचातील सामायिक संग्रहात एक चोरवाट मुद्दाम घातलेली आढळली. काही वितरणांत दूरस्थ प्रवेशाची आज्ञावली तो संग्रह अप्रत्यक्षपणे वापरत होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो प्रवेश नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत असल्याचे जाणवले. त्याचे कारण शोधता शोधता ही चोरवाट उजेडात आली. संग्रह रीतसर ठिकाणी होता आणि नावही बरोबर होते. तरीही मजकुरावर कोणाचे तरी लक्ष असणे आवश्यकच ठरले.

म्हणून हा छोटासा संदेश पडद्यावर आल्यास त्रासून जाण्याचे कारण नाही. तो मिळाला की तीन प्रश्न विचारावेत. ग्रंथ आहे काय? असल्यास त्याची नोंद आहे काय? आणि नोंद असल्यास तो हवा तोच ग्रंथ आहे काय? बहुतेक वेळा अडचण दुसऱ्या प्रश्नापाशी सुटते, आणि तिला एका ओळीची नोंद व एक आज्ञा यांपेक्षा अधिक काही लागत नाही. नोंद करण्याचे हे श्रम टाळून जो ग्रंथाच्या नकला वाटेल तेथे ठेवत जातो, त्याच्या ग्रंथालयात काही दिवसांनी पुस्तके पुष्कळ असतात, परंतु कोणती प्रत खरी हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.